वाचकांचे प्रश्न : साडेपाचशेचा ब्रश की नऊ हजारांचा?

प्रश्न : दुकानदाराने तीन इलेक्ट्रिक ब्रश पुढे ठेवले. सेलवर चालणारा साडेपाचशेला, चार्जिंगचा एकोणीसशेला आणि ॲपवाला नऊ हजारांना. घरी आजी म्हणते, "दात घासाले बी मशीन लागस का?" घ्यावा तर कोणता? (जळगाव)

उत्तर : आजींचं चुकत नाही, मशीन लागतंच असं नाही. साध्या ब्रशने दोन मिनिटं, हिरडीच्या कडेकडेने, हलक्या हाताने घासण्याची सवय असेल तर पैसे वाचवा. पण बहुतेकांचं घासणं त्याआधीच उरकतं. वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 2014 साली 5,068 माणसांवरच्या 56 चाचण्या तपासल्या. तीन महिन्यांपेक्षा जास्त वापरानंतर इलेक्ट्रिक ब्रशने दातांवरचा थर 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी आढळली. ही तुलना मात्र हाताच्या ब्रशशी होती. नऊ हजारांचा ब्रश एकोणीसशेच्या ब्रशपेक्षा सरस, असं त्यातून निघत नाही.

सेलवाला रोजच्या वापराला नको. सेल उतरत जातो तशी मोटर मंदावते, आणि रोज थोडीथोडी मंदावल्यामुळे लक्षातही येत नाही. जरा दाबला की हेड अडतं. काही मॉडेल तर नुसती थरथरतात. प्रवासापुरता ठीक आहे. पण कपाटात टाकताना सेल काढून ठेवा, नाहीतर सेल गळून आतल्या पत्र्या गंजतात.

चार्जिंगच्या ब्रशमध्ये दोन गोष्टी बघा. पहिली, दर 30 सेकंदांनी खूण देणारा दोन मिनिटांचा टायमर. अक्कलदाढा सोडून 28 दात, हाताशी 120 सेकंद. एका दाताला जेमतेम चार सेकंद मिळतात, त्यातही आतली, बाहेरची आणि चावायची बाजू. दुसरी, जोर जास्त झाला की लागणारा दाबाचा दिवा. आमच्या मते जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर ते या दिव्यासाठी मोजावेत. सतत जोराने घासलं की हिरडी मागे सरकते, दाताच्या मुळाशी खाच पडते आणि माठातलं पाणीही झोंबायला लागतं. दिवा नसलेला ब्रश घेतलात तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ब्रशचं हेड टेकवा आणि घासताना देता तेवढा दाब द्या. आकडा दीडशे ग्रॅमच्या आसपास असावा. आपला हात त्याहून किती जड आहे, ते तिथेच कळतं.

नऊ हजारांत आणखी काय मिळतं? लिथियम बॅटरी, आणि ती खरंच उपयोगाची आहे. जुन्या पद्धतीची निकेल बॅटरी आठवडाभर चालते आणि पूर्ण भरायला रात्रभर लागते. लिथियम दोन आठवडे किंवा त्याहून जास्त पुरते, म्हणजे लाइट गेली तरी अडत नाही. ॲप पहिले पंधरा दिवस बघितलं जातं, पुढे कोण बघतो! 'व्हाइटनिंग मोड' दात पांढरे करत नाही, फक्त वेग आणि लय बदलतो. गुटखा-सुपारीचे जुने डाग त्याने जात नाहीत, त्यासाठी दातांच्या डॉक्टरांकडेच सफाई करावी लागते.

खरा खर्च हेडचा आहे. केस वाकायला लागले की लगेच, नाहीतर तीन महिन्यांनी ते बदलायचं. एक हेड 350 रुपयांचं धरलं तर माणशी वर्षाला 1,400, चौघांच्या घरात 5,600. दांडा मात्र दोघांत एक चालतो. हेड वेगवेगळी ठेवा, ओळखायला रंगीत रिंग असते. काही महागड्या मालिकांना त्यांचीच हेड लागतात. ओरल-बीच्या आयओ मालिकेची हेड त्यांच्याच इतर दांड्यांवर बसत नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला म्हणा, "याचं सुटं हेड आत्ता दाखवा." ते जळगावात मिळत नसेल तर ब्रश कितीही चांगला असो, उपयोग नाही.

गोल हेडचा ब्रश घेतलात तर एकेका दातावर क्षणभर टेकवून पुढे सरका. लांबट हेडचा सोनिक, म्हणजे खूप वेगाने थरथरणारा, असेल तर हिरडीच्या रेषेवर 45 अंशांत धरून सावकाश सरकवा. दोन्ही प्रकारांत साध्या ब्रशसारखं खसाखसा घासायचं नाही. पेस्ट वाटाण्याएवढी घ्या, आणि ब्रश तोंडात गेल्यावरच बटण दाबा, नाहीतर आरसा रंगतो.

प्रश्न : सहा महिन्यांत हेड आणि दांड्याच्या सांध्यात पांढरा कडक थर आला, खाली काळी घाण, आणि ब्रश खडखडतो. पाणी बोअरचं आहे. मोटर गेली का? (भुसावळ)

उत्तर : बहुधा नाही. पांढरा थर जड पाण्यातल्या क्षारांचा. तो धातूच्या दांडीवर चढला की हेड पूर्ण खाली बसत नाही, फट राहते आणि खडखड होते. काळी घाण म्हणजे खाली ओघळलेली पेस्ट आणि तिच्यावरची बुरशी.

हेड ओढून काढा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, कानात घालायची कापसाची काडी त्यात बुडवून दांडीभोवती फिरवा, दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. दांडा भिजत घालू नका. थर सुरीने किंवा पिनेने खरवडला तर दांडीच्या बुडाशी असलेलं रबरी सील फाटतं आणि पाणी आत शिरतं. मग मात्र मोटर खरंच जाते. एवढं करूनही आवाज राहिला तर आधी नवीन हेड लावून बघा. पुढे रोज हेड काढून धुवा, झटका आणि वेगळं उभं ठेवा. चार्जरवर ठेवण्याआधी दांड्याचं बूडही पुसा.

आणि भुसावळचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पत्र्याच्या छताखालच्या न्हाणीघरात ब्रश दिवसभर ठेवू नका, उष्णतेने लिथियम बॅटरीचं आयुष्य घटतं. चार्जिंग रात्री, घरात करा.

प्रश्न : आईला मिशरीची सवय आहे. ती इलेक्ट्रिक ब्रशवर लावली तर चालेल का? (धुळे)

उत्तर : अजिबात नको. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती मशीनने हिरडीवर घासली तर झीजही होते आणि तंबाखूही पोटात जाते. खरखरीत दंतमंजनही या ब्रशवर नको. मिशरी बोटाने लावली तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ब्रशचा विचार मागे ठेवा आणि आईला आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलाने अमेरिकेतून ब्रश आणला. पिन बदलून लावला तर चालेल ना? (शहादा)

उत्तर : आधी चार्जरच्या बुडाशी बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. '100-240V' असेल तर साधा पिन बदलणारा ॲडॉप्टर पुरतो. '110-130V' असेल तर लावू नका. आपल्याकडे 230 व्होल्ट येतात आणि ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट कमी करत नाही. चार्जर जळेल. अशा वेळी त्याच मॉडेलचा, दांड्याला बसणारा 230 व्होल्टचा चार्जर इथे मिळतो का ते पाहा.