नवा चेहरा, जुनी भूमिका

प्रश्न : आवडत्या मालिकेत कलाकार बदलला की माझं मनच उडतं. तुमचं काय मत?

उत्तर : मला बदल खुपत नाही, नक्कल खुपते. ‘हॅरी पॉटर’ चित्रपटांत जादूशाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर साकारणारे रिचर्ड हॅरिस २००२ मध्ये गेले आणि तिसऱ्या चित्रपटापासून मायकेल गॅम्बन डम्बलडोर झाले. हॅरिस यांचा मऊ, थकलेला आवाज त्यांनी उचलला नाही. त्यांचा डम्बलडोर चपळ, प्रसंगी तापट. मला तो मनापासून आवडतो! ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेने तर १९६६ मध्येच नायकाचं रूप पालटणं कथेत बसवलं. मात्र ‘ब्लॅक पँथर’चा नायक टिचाला साकारणारे चॅडविक बोसमन गेल्यावर पुढच्या चित्रपटात टिचाला म्हणून दुसरा नट आणला नाही, तेही योग्यच. त्या दुःखाला कथेत जागा मिळाली. तुम्ही नव्या कलाकाराला चार-पाच भाग तरी द्या.