बाळ तीन आठवड्यांचं आहे, पाजल्यावरही रडतं. दूध कमी पडतंय का, कसं ओळखू?
रडण्यावरून ठरवू नका, शू आणि वजन बघा. २४ तासांत सहा-सात वेळा फिकट शू (डायपरमध्ये मोजता येत नाही, कापडी लंगोट बांधा) आणि आठवड्याला साधारण १५०-२०० ग्रॅम वजनवाढ असेल, तर दूध पुरतंय. छाती मऊ लागणं ही कमी दुधाची खूण नव्हे. बाळ ओढेल तितकं दूध तयार होतं, म्हणून धास्तीनं बाटली सुरू केली की ते खरंच आटू लागतं. रात्र धरून ८-१२ वेळा पाजा. पकड नीट हवी: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात. अळिवाचे लाडू जरूर खा, पण भिस्त पकडीवर ठेवा. मात्र शू गडद किंवा कमी असेल, बाळ सुस्त असेल किंवा अजून जन्माइतकं वजन भरलं नसेल, तर आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.