ट्रेलरमध्ये एक खेळ, हातात दुसराच

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी सांगलीचा, वय २६. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर एकत्र असलेले आम्ही पाच मित्र आता पुणे, नागपूर, बंगळुरू असे पांगलोय, एक जण जर्मनीत आहे. रात्री एकत्र गेम खेळणं हाच आमचा कट्टा. एका परदेशी कंपनीच्या ऑनलाइन मल्टिप्लेअर गेमचे ट्रेलर आम्ही दोन वर्षं बघत होतो. एकाच शहरात ६४ खेळाडू, गाड्यांचा पाठलाग, ढासळणाऱ्या इमारती. गेम विकणाऱ्या दुकानाच्या पानावर ‘पहिल्या दिवसापासून भारतात सर्व्हर’ असं लिहिलं होतं. जून २०२५ मध्ये ३,४९९ रुपयांचा ‘फाउंडर्स पॅक’ घेतला, कारण ‘ही खास वेशभूषा पुन्हा कधीच मिळणार नाही, फक्त ४८ तास’ असं घड्याळ पळत होतं. ते संपलं की पुन्हा ४८ वर येत होतं. लाइव्ह गेम खेळून दाखवणाऱ्या एका मोठ्या हिंदी स्ट्रीमरनं ‘मी स्वतः खेळलोय, पिंग एकदम मस्त’ असं लाइव्हवर सांगितलं होतं (पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ, जितका कमी तितका चांगला). ऑक्टोबरमध्ये गेम सुरू झाला. भारतात सर्व्हर नाही, पिंग १८०. मी नेम धरून गोळी झाडतो, समोरचा पडलेला दिसतो आणि पुढच्या क्षणी मीच मेलेला असतो. ६४ खेळाडूंचं शहर नाहीच, चौघांच्या मोहिमा आहेत. ती वेशभूषा आता ४९९ रुपयांना कुणालाही मिळते. दोन तासांपेक्षा जास्त खेळलो म्हणून पैसे परत करत नाहीत. कंपनी म्हणते, ट्रेलर विकासाधीन गेमचा होता आणि वाद असेल तर आमच्या देशातल्या लवादाकडे जा. मी यूट्यूबवर ‘हे चोर आहेत’ असा व्हिडिओ टाकला तर स्ट्रीमरच्या माणसानं अब्रुनुकसानीची धमकी दिली. पैशांपेक्षा फसवल्याची चीड जास्त आहे. कायदा काही करू शकतो का?

उत्तर : करू शकतो. तुमची चीड रास्त आहे. दोन वर्षं वाट बघून, मित्रांना गोळा करून घेतलेली गोष्ट वेगळीच निघाली तर माणूस दुखावतोच, आणि ‘गेमच तर आहे’ म्हणून ते झटकून टाकण्यासारखं नाही. तुम्ही पैसे मोजलेत, तुम्ही ग्राहक आहात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या ‘ग्राहक’ या व्याख्येत ऑनलाइन खरेदी स्पष्टपणे धरलेली आहे. फुकट मिळणारी सेवा मात्र या कायद्यात बसत नाही, त्यामुळे गेम मोफत असता आणि तुम्ही काहीच खरेदी केली नसती तर माझं उत्तर वेगळं असतं.

पण ग्राहक आयोगासमोर चीड चालत नाही, वाक्यं चालतात. म्हणून जाहिरातीतलं एकेक वाक्य सुटं करून बघू. ‘असा थरार कधी अनुभवला नसेल’ ही विक्रेत्याची बढाई. ती खोटी ठरवता येत नाही आणि तिच्यावर भांडूही नका. ‘पहिल्या दिवसापासून भारतात सर्व्हर’ हे ठोस वचन आहे. ते पाळलं की नाही, हे एका स्क्रीनशॉटनं ठरतं. तुमच्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच, आणि तक्रारीत तो पहिला यायला हवा. मात्र एकदा नीट तपासा : पानावर ‘सर्व्हर असतील’ असं होतं की ‘सर्व्हर आणण्याचा विचार आहे’ असं? दुसरं असेल तर मुद्दा अर्ध्यावर येतो. खरेदीच्या वेळी गेमवर ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ अशी पाटी होती का, तेही बघा. अपुरा गेम आहे हे सांगून विकलेला असेल तर कंपनीला बरीच सूट मिळते.

६४ खेळाडूंच्या शहराचं काय? याच कायद्याच्या कलम २(२८) नुसार वस्तूचं किंवा सेवेचं खोटं वर्णन करणारी, तिच्या स्वरूपाबद्दल दिशाभूल करणारी किंवा महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. चौघांच्या मोहिमांचा गेम ६४ जणांच्या शहराचा म्हणून दाखवणं हे माझ्या मते स्वरूपाबद्दलच आहे. तुम्ही पाठवलेला ट्रेलर मी थांबवून थांबवून पाहिला. शहराच्या दृश्यात खालच्या कोपऱ्यात करड्या रंगात, जेमतेम दोन सेकंद, इंग्रजीत एक ओळ येते : दृश्यं अंतिम नाहीत. निवेदन सगळं हिंदीत आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अशी खुलाशाची ओळ दाव्याच्याच भाषेत असली पाहिजे, तिचा टाइप दाव्यासारखाच असला पाहिजे, आणि मूळ दाव्याच्या उलट काही सांगण्यासाठी ती वापरता येत नाही, असं त्यांत म्हटलंय. कंपनी ज्या ओळीच्या आड उभी आहे, ती या तिन्ही कसोट्यांवर उतरत नाही. ट्रेलरची तेवढी चौकट तारखेसह जपून ठेवा. ब्रिटनमध्ये २०२० साली होमस्केप्स आणि गार्डनस्केप्स या गेमच्या जाहिरातींवर तिथल्या जाहिरात नियामकानं बंदी घातली. ‘सर्व दृश्यं प्रत्यक्ष खेळातली नाहीत’ अशी बारीक ओळ त्यांतही होती आणि ती पुरेशी मानली गेली नाही. आपल्या आयोगावर तो निर्णय बंधनकारक नाही, पण युक्तिवादात उपयोगी पडतो.

पुन्हा पुन्हा ४८ वर येणारं घड्याळ ‘डार्क पॅटर्न’च्या, म्हणजे ग्राहकाला चकवून खरेदी करायला लावणाऱ्या क्लृप्त्यांबाबतच्या, केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत थेट बसतं. ती ३० नोव्हेंबर २०२३ ला आली, त्यांत १३ प्रकार दिलेत आणि खोटी घाई हा त्यातला एक. नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणानं मे २०२४ मध्ये फोर्टनाइट या गेमच्या कंपनीला सव्वाअकरा लाख युरोंचा दंड केला, त्यात असाच मुद्दा होता : घड्याळ संपल्यावरही वस्तू विकत मिळतच होत्या. ‘पुन्हा कधीच मिळणार नाही’ म्हणून विकलेली वेशभूषा ४९९ रुपयांना दिसते, त्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढा. ते पान उद्या बदलू शकतं.

आता कंपनीच्या तीन ढाली. परदेशातला लवाद ही पहिली, आणि तिला घाबरू नका. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या २०१८ च्या प्रकरणात कायम केलंय. ‘मी मान्य करतो’ वर टिचकी मारल्याशिवाय गेम उघडतच नाही आणि अटी सगळ्या एकाच बाजूच्या असतात. अशा एकतर्फी अटी ग्राहकावर लादणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते, असं त्याच न्यायालयानं २०१९ साली पायोनियर अर्बनच्या प्रकरणात म्हटलंय. ते प्रकरण फ्लॅटचं होतं, पण तत्त्व इथेही मांडता येतं.

दुसरी ढाल दोन तासांची. तो दुकानाचा स्वतःचा नियम आहे. गेम आवडला नाही म्हणून परत करणाऱ्यांसाठी तो ठीक आहे, पण जाहिरातच खोटी असेल तर तो कायद्याच्या वर जात नाही. शिवाय मल्टिप्लेअर गेममध्ये पहिला तास खातं उघडणं, शिकवणीची फेरी आणि मित्रांची वाट बघण्यात जातो. ६४ जणांचं शहर नाही हे कळायला दोन तास पुरत नाहीत, आणि हे तक्रारीत साध्या शब्दांत लिहायलाच हवं. दुकानांनी मनावर घेतलं तर हा नियम बाजूला ठेवता येतो, हे ‘द डे बिफोर’च्या वेळी दिसलं. तोही ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम. मोठ्या खुल्या जगाचा म्हणून गाजवलेला, ७ डिसेंबर २०२३ ला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला आणि जाहिरातीपेक्षा फार वेगळा निघाला. खेळाडूंचा एवढा भडका उडाला की चारच दिवसांत स्टुडिओनं बंद होत असल्याचं जाहीर केलं. २२ जानेवारी २०२४ ला सर्व्हर बंद झाले. प्रकाशक कंपनी आणि स्टीमनं मिळून खेळाडूंचे पैसे परत केले, दोन तासांपेक्षा जास्त खेळलेल्यांचेसुद्धा. हे कुठल्या न्यायालयाच्या हुकुमानं झालं नाही, मोठ्या संख्येनं आणि मुद्देसूद मागणी केल्यामुळे झालं. म्हणून तुम्ही पाचही जणांनी आपापल्या खात्यातून, कारणं देऊन, पुन्हा एकदा लेखी मागणी करा.

तिसरी ढाल, कंपनी भारतात नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत, आणि डिजिटल वस्तू त्यांत येतात. दुकानानं तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, त्यानं ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण दिलं पाहिजे. तुमच्या पावतीवर विक्रेता म्हणून कोणाचं नाव आहे आणि जीएसटी आकारलाय का, ते बघा. सामनेवाले म्हणून दुकान आणि गेमची कंपनी दोघांनाही घाला. खरं सांगायचं तर परदेशी कंपनीविरुद्धचा आदेश बजावून घेणं कष्टाचं असतं. रुपयांत पैसे घेणारं दुकान जास्त लवकर प्रतिसाद देतं.

सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करा, क्रमांक १९१५. महिनाभरात काही झालं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. कंपनी कुठेही असो, तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्या होते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील हवाच असंही नाही. भारतातले तुम्ही चौघं मिळून एकच संयुक्त तक्रार करू शकता. काही ग्राहकांनी एकत्र येऊन तक्रार करायला हरकत नाही, हे २०२१ च्या ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात स्पष्ट झालंय. मागणी किती करायची याला माझ्या लेखी महत्त्व आहे. पूर्ण रक्कम, त्यावर व्याज, मनस्तापाची वाजवी भरपाई, खर्च, आणि जाहिरात दुरुस्त करण्याचा आदेश. ३,४९९ च्या गेमसाठी ५ लाख मागितले की खऱ्या तक्रारीचंही वजन जातं.

जर्मनीतल्या मित्रानं तिथल्या खात्यातून गेम घेतला असेल तर त्याला तुमच्यात ओढू नका. त्याची बाजू तिथेच जास्त भक्कम आहे. डिजिटल वस्तूंबाबतचा युरोपीय संघाचा २०१९ चा निर्देश तिथे २०२२ पासून लागू आहे आणि त्यानुसार विक्रेत्यानं जाहिरातीत केलेली विधानं धरूनच वस्तू बरोबर आहे की नाही ते ठरतं. त्यानं तिथल्या ग्राहक सल्ला केंद्रात जावं.

स्ट्रीमरकडे वळू. त्यानं पैसे किंवा मोफत गेम घेतला असेल तर ते सांगणं बंधनकारक आहे, आणि केंद्राच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांप्रमाणे लाइव्ह स्ट्रीमवर ती सूचना पूर्ण वेळ ठळक दिसली पाहिजे. सुरुवातीला एकदा पुटपुटून चालत नाही. ‘मी स्वतः खेळलोय, पिंग मस्त’ हे तो भारतात सर्व्हर नसताना कशाच्या आधारे म्हणाला, याचं उत्तर त्यानं द्यायला हवं. याची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करा, किंवा थेट तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ मध्ये तशी सोय आहे. प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं आणि एक वर्षापर्यंत जाहिरात करण्यास मनाईही करू शकतं. खातरजमा केली होती, असं दाखवता आलं तर मात्र तो सुटेल. दंडाची रक्कम तुम्हाला मिळणार नाही, हेही आत्ताच समजून घ्या.

तुमच्या व्हिडिओबद्दल मी काळजीनं लिहितेय. अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. त्याला अपवाद आहेत : लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, आणि लोकांसमोर मांडलेल्या कामावर प्रामाणिकपणे दिलेलं मत. पानावर हे लिहिलं होतं, पिंग हे आलं, पैसे मागितले तर हे उत्तर मिळालं, एवढं सांगणारा व्हिडिओ या अपवादांत बसतो. ‘चोर’ हा शब्द मात्र तुम्हाला सिद्ध करावा लागेल. तो व्हिडिओ काढून घ्या, मूळ फाइल स्वतःकडे ठेवा, आणि तोच मजकूर पुराव्यासह, शिवीगाळ न करता पुन्हा टाका. कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता दाखवू नका, कमेंटमध्येही कुणाला टाकू देऊ नका. धमकीच्या मेसेजला उत्तर देऊ नका. खरीखुरी नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका, वकिलाला दाखवा.

पत्राच्या शेवटी ता.क. लिहून तुम्ही विचारलंय, की २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यामुळे अडचण येईल का? नाही. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याचा रोख आहे. एकदाच किंमत देऊन खेळायच्या गेमवर त्यानं बंदी घातलेली नाही.

बँकेकडून परस्पर पैसे परत घेण्याचा मार्ग कुणी सुचवला असेल तर आधी थांबा. अशा वेळी दुकान तुमचं तिथलं पूर्ण खातं गोठवू शकतं आणि त्यात तुमचे बाकीचे गेमही अडकतात. आधी लेखी मागणी, मग हेल्पलाइन, मग आयोग, हाच क्रम ठेवा.

पुरावा आज रात्रीच गोळा करा. दुकानाच्या पानाची जुनी प्रत इंटरनेट अर्काइव्ह या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर मिळते का ते बघा. पावती, बँकेचा मेसेज, कंपनीची ईमेल, स्ट्रीमचं रेकॉर्डिंग, आणि पिंगचा आकडा व तारीख दोन्ही दिसतील असं गेम खेळतानाचं सलग रेकॉर्डिंग ठेवा. मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेल्या नकोत, ज्या यंत्रावर घेतल्या तिथेच राहू द्या, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागलं तर ते त्याच यंत्रावरून द्यावं लागेल. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ती खरेदीपासून धरायची की गेम सुरू झाल्यापासून, यावर समोरचा वकील वाद घालणारच. तेव्हा जून २०२५ पासूनच मोजा आणि जून २०२७ च्या बऱ्याच आधी दाखल करा.