दहा महिन्यांच्या बाळासाठी घर सुरक्षित कसं करावं?

तुमची मुलगी दहा महिन्यांची आहे, धरून धरून उभी राहते, घर तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं आणि दिवसभर ती आजीजवळ असते. घरात काय काय करून घ्यावं आणि वॉकर आणावा का, असं तुम्ही विचारलंय. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे ठरवून टाका की कुठलीही गोष्ट 'आम्ही लक्ष ठेवू' यावर सोडायची नाही. आजी कितीही दक्ष असल्या तरी दूध उतू जातं, दारावरची बेल वाजते. अपघाताला तेवढा वेळ पुरतो. "आत्ता तर इथेच खेळत होता," असं सांगणाऱ्या आया मी रोज बघते आणि त्या अजिबात निष्काळजी नसतात. म्हणून वस्तू हलवा, झाकण घाला, कडी बसवा.

सुरुवात बाथरूमपासून करा. गॅलरीची धास्ती सगळ्यांना असते, बादलीची कुणालाच नसते. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बाळ काठ धरून उभं राहतं, पाण्यात हात घालायला वाकतं, पाय सुटतात आणि डोकं खाली जातं. २० लिटर पाण्याचं वजन २० किलो, बाळ आठ-नऊ किलोचं; बादली कलंडत नाही आणि बाळाला स्वतःहून वर येता येत नाही. बुडायला पाच सेंटीमीटर पाणीही पुरतं, त्यामुळे फरशी पुसायची बादलीसुद्धा काम झालं की लगेच ओतून पालथी घाला. यात आवाज होत नाही. तोंडच पाण्यात असतं, ओरडणार कसं?

नळाला तासभरच पाणी येत असेल तर भांडी रिकामी ठेवणं जमणार नाही, हे मला कळतं. मग पिंपाला घट्ट बसणारं झाकण घ्या आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी बसवून घ्या. भाड्याचं घर असलं तरी चार स्क्रूंसाठी मालकांना विचारायला संकोच करू नका.

तिथलीच दुसरी गोष्ट म्हणजे कढत पाणी. आपल्याकडे बादलीत आधी गरम पाणी घेऊन मग विसण घालतात. हा क्रम उलटा करा: आधी गार, मग गरम. विसण घालेपर्यंत बादलीत नुसतं कढत पाणी असतं आणि बाळ शेजारी हात मारायला टपलेलं असतं. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत खोल भाजतं. गिझर ५० अंशांच्या आसपास ठेवा. तरीही भाजलंच तर नळाच्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, स्वच्छ कापडात गुंडाळा आणि दवाखाना गाठा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नका. पेस्ट लावून आणलेली जखम आम्हाला आधी साफ करावी लागते आणि त्यात बाळाचे फार हाल होतात.

गॅलरीत गजांमधली फट १० सेंटीमीटरपेक्षा कमी हवी. मोठी असेल तर जाळी ताणून बांधून घ्या. डासांची जाळी बाळाचं वजन पेलत नाही, तिच्यावर विसंबू नका. स्टूल, कुंड्या, दिवाण खिडकीपासून लांब.

आजींशी दोन गोष्टी स्पष्ट बोला. शेंगदाणे, फुटाणे, चिवड्यातलं खोबरं चार-पाच वर्षांची होईपर्यंत हातात द्यायचं नाही. अडकलं आणि आवाजच फुटत नसेल, तर बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब, आणि हे चालूच ठेवायचं. दुसऱ्या कुणीतरी तेवढ्यात १०८ ला फोन करावा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, ती आणखी आत जाते.

दुसरं, टॉयलेट क्लीनर, फिनाईल, रॉकेल कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही. चुकून प्यायलं गेलं तर उलटी करवायची नाही. बाटली बरोबर घेऊन निघायचं. रिमोटमधल्या आणि खेळण्यांतल्या चपट्या गोल सेलचंही तसंच. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळू लागतो, 'शीतून पडेल' म्हणून थांबू नका.

आणि वॉकर आणू नका. बाळ त्यात सेकंदाला मीटरभर सरकतं, तुम्ही उठेपर्यंत जिन्यापाशी किंवा गॅसपाशी पोचतं. शिवाय त्याने चालणं लवकर येत नाही. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. त्या पैशात दारांच्या कड्या आणि गॅलरीची जाळी होऊन जाईल.