रिपोर्टवर ‘अ‍ॅबनॉर्मल’ छापलंय, डॉक्टर म्हणतात काही नाही

ईसीजीचा कागद घेऊन माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ‘डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, मग मशीनने असं का छापलं?’ चाळिशीतल्या एका बाईंनीही तोच विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांच्या कागदावर ओळीने छापलं होतं: सायनस अ‍ॅरिद्मिया, व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक, फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक, अ‍ॅबनॉर्मल ईसीजी. इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, रक्तातलं पोटॅशियम, चोवीस तासांचं होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र), सगळं झालं होतं. हृदयरोगतज्ज्ञांनी हृदयासाठी काहीही औषध न देता त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं, कारण त्या जिना चढणं सोडून बसल्या होत्या आणि दिवसभर मनगटावर बोट ठेवून असायच्या.

निदान करणं माझं काम नाही, तज्ज्ञांनी ते केलंच होतं. पण ‘काही नाही’ एवढ्याने भीती जात नाही असा माझा अनुभव आहे. म्हणून त्या डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि बाईंसोबत कागद टेबलावर पसरला.

‘तुम्हाला नेमकं काय होतं?’

‘ठोका चुकतो, मॅडम. मग एकदम धस्स होतं. वाटतं, आता पुढचा पडणारच नाही.’

मी त्या एक्टोपिक ठोक्यावर पेन्सिल ठेवली. ठोका चुकलेला नव्हता, उलट तो लवकर पडला होता. हृदयाची लय वरच्या उजव्या कप्प्यातला सायनस नोड ठरवतो, पण कधीकधी खालच्या कप्प्यातली एखादी जागा मध्येच स्वतःहून संदेश सोडते. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे तो ठोका मनगटावर जेमतेम लागतो किंवा लागतच नाही. त्यानंतर थोडी लांब विश्रांती येते, तेवढ्या वेळात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. धस्स होतं ते याचंच. असे ठोके निरोगी माणसांतही पडतात. जागरण आणि काळजी यांनी ते वाढूही शकतात. बाई कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे तो जोराचा ठोका नेहमीचाच?’ हो, नेहमीच्याच वाटेने आलेला.

सायनस अ‍ॅरिद्मियाला फार वेळ लागला नाही. श्वास घेताना ठोके जरा जवळ येतात, सोडताना लांबतात. हे नैसर्गिक आहे.

खरी धास्ती ‘ब्लॉक’ची होती. इंटरनेटवर त्यांनी पेसमेकरपर्यंत सगळं वाचून काढलं होतं. वरच्या कप्प्यांतून निघालेला विद्युत संदेश वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोडमध्ये क्षणभर थांबून खाली जातो. कागदावर पी लाटेच्या (वरच्या कप्प्यांची खूण) सुरुवातीपासून क्यूआरएसच्या (खालच्या कप्प्यांची खूण) सुरुवातीपर्यंतचं अंतर म्हणजे पीआर, आणि प्रौढांत ते साधारण 120 ते 200 मिलिसेकंद असतं. बाईंचं 220 होतं. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक छोटा चौकोन 40 मिलिसेकंदांचा. इतके दिवस त्यांची झोप उडवणारा फरक अर्ध्या छोट्या चौकोनाएवढा होता! फर्स्ट डिग्रीत प्रत्येक संदेश खाली पोचतो, फक्त उशिरा. सेकंड डिग्रीत काही संदेश पोचत नाहीत, थर्ड डिग्रीत एकही नाही. पेसमेकरबद्दल त्यांनी वाचलं होतं ते मुख्यतः त्या पुढच्या प्रकारांविषयी.

शिवाय त्या अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेत होत्या. ते एव्ही नोडचा वेग कमी करतं, पीआर लांबवू शकतं. मशीन ठरलेली हद्द ओलांडली की शब्द छापतं, समोरचा माणूस कोणती गोळी घेतो हे त्याला ठाऊक नसतं. (हे कळल्यावर बाई गोळी बंद करायला निघाल्या. ती अचानक आपल्या मनाने थांबवायची नसते, हे डॉक्टरांनीच त्यांना पुन्हा बजावलं.)

इथपर्यंत माहितीचं काम झालं. सवय मात्र माहितीने सुटत नाही. नाडी पाहिली की छाती धडधडते, धडधडली की पुन्हा नाडी, हे चक्र तोडायला हवं होतं. नाडी पाहायचीच असेल तर रात्री एकदा, असं ठरलं. नवऱ्याला ‘माझा चेहरा पांढरा पडलाय का हो?’ असं विचारणं थांबवायचं ठरलं. त्यांना ते नाडी सोडण्यापेक्षाही जड गेलं. मग डॉक्टरांच्या संमतीने जिना: पहिल्यांदा माझ्यासोबत एक मजला, धडधड वाढू द्यायची, मोजायची नाही, ती आपोआप उतरेपर्यंत उभं राहायचं. पहिल्या खेपेला त्या रडल्या. पुढे एकट्या चढू लागल्या.

कशाला घाबरायचं नाही हे सांगताना कशाकडे दुर्लक्ष करायचं नाही, हेही मी लिहून देते. शुद्ध हरपणं, विशेषतः श्रम करताना, छातीत दुखणं, नवा दम लागणं, न थांबणारी वेगवान किंवा पूर्ण बेताल धडधड, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू. यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, समुपदेशन नंतर.

बाईंचे ठोके अजूनही अधूनमधून लवकर पडतात. पुढच्या तपासणीच्या ईसीजीवर पुन्हा ‘फर्स्ट डिग्री’ छापून आलं. डॉक्टरांनी आधीच्या कागदाशी ताडून पाहिलं, पीआर वाढलेलं नव्हतं. दोन्ही कागद त्यांनी एकाच फाइलला लावून ठेवलेत, कारण पुढच्या वेळी तुलनेला जुना कागदच लागणार आहे.