टाळी लिही

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध मिळाला, सोबतची चिठ्ठीही. निबंध आठ पानांचा, चिठ्ठी पाच ओळींची. मी चिठ्ठीच तीनदा वाचली. हॉस्टेलच्या खोलीत तुम्ही सगळ्यांनी मिळून मायकेल हानेके या दिग्दर्शकाचा 'फनी गेम्स' पाहिलात. दोन पोरं एका कुटुंबाला घरातच ओलीस धरून छळतात, तो चित्रपट. त्या घरातल्या ॲनाने, मुलाच्या आईने, झडप घालून टेबलावरची बंदूक उचलली, दोघांतल्या जाड्या पोराला गोळी घातली, आणि तू टाळी वाजवलीस, 'मार!' म्हणून ओरडलीस. मग दुसऱ्याने रिमोट शोधला, तो प्रसंगच मागे फिरवला आणि या खेपेला तिच्या हाती बंदूक लागू दिली नाही. त्या रात्री तुला झोप नाही. माझ्यात काही वाईट आहे का, असं विचारतेस.

आणि आठ पानांत त्या टाळीचा उल्लेखही नाही! तिथे आहे 'दर्शकाचा हिंसेतील सहभाग'. चूक काहीच नाही त्यात. पण ते तू लिहिलं नसतंस तरी कुणीतरी लिहिलंच असतं. टाळी फक्त तुझी आहे. टाळी लिही.

त्या चित्रपटात कुत्रा मरतो तो आपल्याला नंतर दिसतो. ॲनाच्या मुलाला गोळी लागते तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरात असतो, त्या दोन पोरांतला एक तिथे खायला करून घेत असतो. गोळी लागून माणूस कोसळताना दिसतो तो त्या एकाच वेळी, आणि तेव्हा तो कोसळावा असं आपल्याला मनापासून वाटत असतं. 1997 साली कान चित्रपट महोत्सवात याच जागी टाळ्या पडल्या होत्या, असं हानेकेने स्वतः सांगितलंय. तेव्हा तू काही जगावेगळी नाहीस. तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. खरं उत्तर तुझ्या हातांना विचार. टाळी कधी थांबली? रिमोट दिसला तेव्हा, की त्याआधीच? शेजारी बसलेल्यांकडे पाहिलंस का? हे लिहायला कुठला ग्रंथ लागतो?

मी चिडून लिहितोय, कारण मी हेच केलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या फिल्म सोसायटीत हा चित्रपट लावला होता. मुलगा मेल्यानंतरचा तो जवळजवळ दहा मिनिटांचा शॉट तुला आठवत असेल. कॅमेरा फारसा हलत नाही. मी दीड-दोन मिनिटं बसलो असेन. मग उठलो आणि बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. माझा मुलगा तेव्हा साधारण त्याच वयाचा होता. नळ सोडून हात धूत राहिलो. परत आलो तेव्हा ती चौकट संपली होती. आणि नंतरच्या चर्चेत मी त्याच शॉटवर वीस मिनिटं बोललो. काळाचा ताण, स्थिर चौकट, सगळं. लोकांनी वाखाणलं. पुढे त्यावर लेखही लिहिला. एका कॉलेजच्या पोराने लेख वाचून विचारलं, 'सर, टीव्हीवर तेव्हा काय चालू असतं?' मला सांगता येईना. गाड्यांची शर्यत चालू असते, रक्त उडालेल्या पडद्यावर. बांधलेली ॲना उड्या मारत जाऊन आधी तो टीव्ही बंद करते. हे मी कितीतरी वर्षांनी पाहिलं, एकट्याने, दिवसाउजेडी.

त्या लेखात एक टाकी आणि एक नळ असता तर तो माझा एकमेव खरा लेख झाला असता.

जो उठून जातो त्याला या चित्रपटाची गरज नाही, जो बसून राहतो त्याला आहे, अशा अर्थाचं हानेके बोललाय. मला ते पटत नाही. मी उठलो, आणि तरी तो चित्रपट माझ्यातून गेला नाही. तुझी मैत्रीण अर्ध्यातच निघून गेली, तिला तुम्ही हसलात म्हणे. हसू नका. तिलाही विचार, बाहेर जाऊन तिने काय केलं. चित्रपट आपल्याला सापळ्यात पकडून वर उपदेश करतो असं वाटून राग आला असेल, तर तो रागही लिही. पण आधी टाळी.

त्या पोराच्या प्रश्नानंतर मी जे लिहिलं त्यात मी कुठे बसलो होतो, कुठे डोळे मिटले, हे असायचंच. एका साप्ताहिकाचे संपादक ती वाक्यं खोडायचे. 'वैयक्तिक नको.' तीन वर्षं भांडलो, मग सदर बंद झालं. घरचे आजही म्हणतात की चार वाक्यांसाठी सदर घालवलं. घालवलं. ती चार वाक्यं काढल्यावर उरत होतं ते मी पाण्याच्या टाकीपाशी उभा राहूनही लिहू शकलो असतो. लिहिलं होतंच की एकदा! माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

तुझे गुण कमी होतील, हे मला कळतं. होऊ देत.

आठ पानं परत पाठवतोय, त्यावर एकही खूण केलेली नाही. रविवारपर्यंत दोन पानं पाठव. आणि खोलीत तेव्हा दिवा चालू होता की बंद, तेही सांग. ते चिठ्ठीत राहून गेलंय.