डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही म्हणून फॉरमॅट? अजिबात नको

तुम्ही विचारलंय की विंडोज १० वर डीव्हीडी ड्राइव्ह अचानक गायब झालाय, ट्रे मात्र उघडतो, आणि दुकानदार म्हणतोय फॉरमॅट मारावं लागेल, तर मारू का? नका मारू. त्याला दोन दिवस थांबायला सांगा.

२००९ साली आमच्या कराडच्या घरी एक्सपीचा संगणक होता. मी बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या, मोजून ४३. जातं केव्हाच माळ्यावर गेलं होतं, पण ओवी म्हणताना आईचा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरायचा. हात धरला की पुढची ओळ आठवायची नाही. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून सगळ्या फाइल्स संगणकावर घेतल्या आणि डेस्कटॉपवर ठेवल्या. मावशीला सीडी करून द्यायची होती, त्यासाठी सीडी राइट करायचं एक ट्रायल सॉफ्टवेअर टाकलं. दोन सीडी वाया गेल्या, मुदत संपली, मी ते काढून टाकलं. संगणक पुन्हा सुरू केला तर सीडी ड्राइव्हच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, त्याच्या नावावर पिवळं उद्गारचिन्ह, आत बिघाडाचा कोड ३९.

मी दादाला म्हटलं, ते सॉफ्टवेअर काढल्यापासून हे झालंय, चार दिवस दे, शोधते. तो म्हणाला, “तुला काय कळतंय त्यातलं?” आणि संध्याकाळी दुकानातला माणूस घेऊन आला. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, व्हायरस आहे, फॉरमॅट. “महत्त्वाचं काही?” “सगळं डी ला आहे,” दादा म्हणाला. फोटो होते डी ला, खरं आहे.

मग त्या माणसाने एक्सपीची सीडी काढली आणि त्याच ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह घुर्र करून फिरला, हिरवा दिवा लुकलुकला, आणि पडद्यावर ओळ आली: सीडीवरून सुरू करायला कोणतंही बटण दाबा. मी म्हटलं, “अहो, ड्राइव्ह तर चालतोय!” तो म्हणाला, “बायोसमधून चालतोय ताई, विंडोजमधून नाही.” बायोस म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा संगणकाचा मूळ प्रोग्राम; म्हणजे अचूक निदान त्याच्याच तोंडून बाहेर पडलं होतं. दादाने मला चहा ठेवायला सांगितलं. कप घेऊन बाहेर आले तेव्हा निळ्या पडद्यावर पिवळी पट्टी अर्ध्याच्या जवळ आली होती, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की फॉरमॅट होतोय तो सी ड्राइव्ह, आणि डेस्कटॉप सी वरच असतो.

नंतर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. काही फाइल्सची नावं सापडली, पण वाजली एकही नाही, कारण त्यांच्या जागेवर नवीन विंडोज लिहिली गेली होती. मोबाइलच्या कार्डवर ९ ओव्या राहिल्या होत्या, तेवढ्याच आहेत. त्याच वर्षी दिवाळीनंतर आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली.

ड्राइव्ह मात्र परत दिसायला लागला. दादा आजही म्हणतो, “फॉरमॅटनेच आला ना शेवटी?” आला. ढेकूण झाले म्हणून घर पाडून नवं बांधलं तर ढेकूण जाणारच. फॉरमॅटने विंडोजची रेजिस्ट्री, म्हणजे तिच्या सगळ्या सेटिंग्जची नोंदवही, कोरी झाली, आणि बिघाड रेजिस्ट्रीतल्या दोन नोंदींत होता.

होतं असं की सीडी राइट करणारी सॉफ्टवेअरं विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये आपला एक फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे मधला एक छोटा प्रोग्राम, बसवतात. सॉफ्टवेअर काढलं की कधी कधी फाइल जाते, पण रेजिस्ट्रीत नाव राहतं. पंगतीत पान मांडलंय, पाहुणा गाव सोडून गेलाय, आणि यजमान म्हणतो तो आल्याशिवाय कुणालाच वाढायचं नाही. विंडोज त्या नावाची फाइल शोधते, मिळत नाही, आणि अख्खा ड्राइव्हच सुरू करत नाही.

तेव्हा आधी बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव दिसतंय का बघा. ट्रे उघडतो यावर जाऊ नका, ट्रेला फक्त वीज लागते, डेटाची केबल निघालेली असली तरी तो उघडतो. बायोसमध्येही नसेल तर साटा केबल (तीच डेटाची केबल) काढून घट्ट बसवा, बदलून बघा, पोर्ट बदला. बायोसमध्ये असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, सुरू करून बघा. तिथे ड्राइव्ह दिसला आणि डिस्क वाचली गेली, तर दोष विंडोजचा, तुमच्या ड्राइव्हचा नाही. हल्ली दुकानदार विंडोज पेनड्राइव्हवरूनच टाकतात, त्यामुळे आम्हाला जे डोळ्यांसमोर दिसलं ते तुम्हाला आपोआप दिसणार नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये उद्गारचिन्ह आणि कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ असेल तर रेजिस्ट्रीत करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असं जात ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी ‘की’ (रेजिस्ट्रीतला फोल्डर) उघडा. उजवीकडे ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ दिसतील, कधी दोन्ही, कधी एकच. जी असेल ती नोंद काढा, संगणक पुन्हा सुरू करा. एवढंच. २००९ ला हे मला सापडलं, पण फॉरमॅट होऊन तीन आठवड्यांनी.

उद्गारचिन्हच नसेल, ड्राइव्हचं नावच यादीत नसेल, तर हा उपाय तुमचा नाही. तिथे रेजिस्ट्रीतच ‘एटीएपीआय’ सेवेखाली ‘कंट्रोलर०’ आणि त्यात ‘एनम डिव्हाइस१’ची किंमत १ अशी नोंद घालतात, ते वेगळं शोधून वाचा. ड्राइव्ह दिसतो पण डिस्क वाचत नाही, हा तिसराच आजार.

आणि हे मी वरच लिहायला हवं होतं: नोंद काढण्याआधी ती ‘की’ एक्सपोर्ट करून, म्हणजे तिची प्रत फाइलमध्ये काढून, ठेवा, आणि आकडा दोनदा वाचा. ९६५. शेजारची ९६७ हार्ड डिस्कची आहे, तिथलं ‘अपर फिल्टर्स’ काढलं तर विंडोज सुरूच होणार नाही. उजवीकडे ‘क्लास’पुढे ‘सीडीरॉम’ लिहिलेलं असेल तरच हात लावा. राइट करायचं एखादं सॉफ्टवेअर तुम्ही अजून वापरत असाल तर ते नंतर पुन्हा टाकावं लागू शकतं.

दादा, हे तुझ्यापर्यंत पोचेलच. फॉरमॅटने ड्राइव्ह आला हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्या माणसाने त्याच ड्राइव्हमध्ये सीडी घातली आणि ती फिरली, तेव्हा तू माझ्या शेजारीच उभा होतास.